गाडीत बसून बोलणारी माणसं

मोठ्या पदावरची माणसं आमच्याशी गाडीतून बोलतात. ऑफिसात केबिनला काच असते, घरी पोरं जागी असतात. मग रात्री साडेआठ-नऊला कंपनीतून निघाल्यावर वाटेत कुठेतरी गाडी कडेला घेऊन फोन लावतात. मागे पार्किंग लाइटची टिकटिक चालू असते. पंधरा वर्षं मी ही टिकटिक ऐकतोय. ती कानावर आली की वही उघडायची, कारण माणूस आता मोकळं बोलणार असतो.

मी मूळचा फलटणचा, कामाला पुण्यात. आमच्या धंद्याला एक्झिक्युटिव्ह सर्च म्हणतात. कंपनीचा सीईओ, कारखान्याचा प्लांट हेड, फायनान्सचा प्रमुख अशा जागांसाठी माणूस हेरून आणून द्यायचा. काकूला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सोयरिकी जुळवतोस होय!" तसंच आहे. फरक इतकाच, की आम्ही पैसे एकाच बाजूचे घेतो, ते म्हणजे कंपनीचे. उमेदवाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. नोकरी लावतो म्हणून पोरांच्या बापाकडून लाख-दोन लाख उकळणारे आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतात. त्यांचा आणि या धंद्याचा काडीचा संबंध नाही.

पैशाची रीत दोन प्रकारची. साध्या भरतीत एजन्सीनं दहा बायोडाटा पाठवायचे, एक लागला तर वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार घ्यायचा. नाही लागला तर काही नाही. सर्चमध्ये काम हातात घेतानाच पहिला हप्ता मिळतो, निवडक नावं समोर ठेवल्यावर दुसरा आणि माणूस रुजू झाल्यावर तिसरा. एकूण रक्कम वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश, ही जगभरची जुनी चाल. आपल्याकडे घासाघीस होऊन ती खाली येते. ही चाल अमेरिकेतली. १९५३ साली शिकागोत हायड्रिक आणि स्ट्रगल्स या दोघांनी सल्लागार कंपनीतली नोकरी सोडून दुकान थाटलं, तीन वर्षांनी त्याच गावात स्पेन्सर स्टुअर्ट आली. भारतात एबीसी कन्सल्टंट्स १९६९ची.

पण माणूस हेरण्याची कला शिकागोहून आली असं मी म्हणणार नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला तेव्हा शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसं त्यांनी स्वतः पारखून आणली. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांची डिझाइनं करायचे. पहाऱ्याला तर तुरुंगवास भोगून आलेली माणसं ठेवली. आजच्या आमच्या चाळणीतून फळणीकर पहिल्याच फेरीत गळले असते, हे मला कबूल केलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी फलटणजवळच्या एका कारखान्यासाठी प्लांट हेड शोधायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव सांगणं आमच्या रीतीत बसत नाही. लोणंद-फलटण रस्त्याला कमिन्सचे कारखाने आल्यापासून या बाजूला इंजिन, कास्टिंग, मशिनिंग जाणणाऱ्या माणसांची मागणी वाढली होती. मला वाटलं, आपलंच गाव, डोळे मिटून करू.

आधी यादी. त्याला मॅपिंग म्हणतात. असं काम चालतं अशा कंपन्या कुठे कुठे आहेत? चाकण, कोल्हापूर, धारवाड, होसूर, पिथमपूर, राजकोट. प्रत्येक कंपनीत त्या जागेवर कोण, त्याच्या खाली कोण, कोण कुठून आलाय. आमच्या रिसर्चरनं तीन आठवडे फोन करकरून चौसष्ट नावं काढली. त्यातली एकोणीस लगेच खोडली, कारण त्या कंपन्या आमच्याच गिऱ्हाईक. ज्याचं मीठ खाल्लं त्याची माणसं काही काळ पळवायची नाहीत, याला ऑफ लिमिट म्हणतात. पुण्यात जितकी गिऱ्हाइकं वाढतात तितकं शोधायचं रान आखडतं.

पहिल्या फोनवर ‘नोकरी बदलता का’ असं कधीच विचारायचं नसतं. "सर, अशी अशी जागा आहे, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" असं विचारायचं. समोरचा दोन नावं सांगतो, थोडा थांबतो आणि मग म्हणतो, "जागा नक्की कुठली म्हणालात?" गळ लागला. मराठी माणूस असेल तर तिसऱ्या मिनिटाला इंग्रजी सोडून ‘गाव कुठलं तुमचं?’ म्हणायचं. पुढची दहा मिनिटं बायोडाटात नसलेली माहिती आपोआप येते.

पाच नावं समोर ठेवली, तिघांना कंपनीनं बोलावलं. बोलावण्याची तारीख ठरवणारा मीच, फलटणचा. आणि त्या दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगावहून फलटणला येत होती! लोणंदच्या अलीकडेच रस्ता बंद. विमानानं पुण्यात उतरलेला होसूरचा गृहस्थ चार तास गाडीत बसून राहिला, मग उतरला आणि दिंडीत चहा पिऊन आला. त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं माझं, कारण फलटणकरानं पंचांग न बघता तारीख धरावी याला माफी नाही.

निवड पुण्यातल्या एकाची झाली. पगार ठरला, त्यानं राजीनामा दिला, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सुरू झाला. अकराव्या आठवड्यात चार ओळींचा मेसेज आला: येऊ शकत नाही. जुन्या कंपनीनं पगार वाढवला होता; अशी काउंटर ऑफर येणारच, ती आम्ही धरून चालतो. खरं कारण महिनाभरानं त्याच्याच तोंडून कळलं, पुन्हा गाडीतून. बायको पुण्यात शाळेत शिकवायची, मुलगी दहावीत जाणार होती. त्या घराशी मी एकदाही बोललो नव्हतो. चार महिने मशिनिंग, स्क्रॅप, युनियन सगळं विचारलं, आणि ‘घरी काय म्हणतात’ हे विचारायचं राहिलं.

आणि ते मला न सुचावं? फलटणात लहानाचा मोठा झालो मी. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली इथे काढलेल्या ‘नारी’ या शेती-संशोधन संस्थेत अनिल राजवंशी १९८१ साली अमेरिकेतून आले. फ्लोरिडातली पीएचडी, तिथलं सगळं सोडून फलटण. कुठल्या कन्सल्टंटला हे साधलं असतं? त्यांच्या पत्नी नंदिनी या निंबकरांच्या कन्या, त्यांनीही पीएचडी तिथेच केलेली. निर्णय जोडप्याचा होता. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या, इथल्याच झाल्या, आणि त्यांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी केली. माणूस गावात का येतो आणि का टिकतो, याची इतकी उदाहरणं दाराशी असताना मी एक्सेलच्या रकान्यात डोकं घालून बसलो होतो.

दुसऱ्या फेरीत पिथमपूरचा एक उमेदवार पुढे आला. इंदूरचं मराठी घर. या वेळी रेफरन्स नीट केले. रेफरन्स म्हणजे उमेदवारानं दिलेली दोन नावं नव्हेत. ती गोडच बोलणार. त्यानं पूर्वी सोडलेल्या कंपनीतली, त्याच्या हाताखाली राबलेली माणसं शोधायची. चालू नोकरीच्या ठिकाणी मात्र चुकूनही फोन जाता कामा नये, नाहीतर माणूस हकनाक जातो. मी एकच प्रश्न विचारतो: "पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल?" उत्तरापेक्षा त्याआधी किती थांबतो ते ऐकायचं. एक जण थांबलाच नाही. युनियनचा जुना पदाधिकारी म्हणाला, "भांडला लई, पण शब्द फिरवला नाही." हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घातलं.

मग त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही फलटणला आणलं. कारखाना तासाभरात दाखवून झाला, उरलेला दिवस गावात. शाळा पाहिल्या, भाड्याची घरं पाहिली, रात्री-अपरात्री गाठता येईल असं मोठं हॉस्पिटल कुठे, बारामतीला किती वेळ लागतो, हे बाईंनी विचारलं आणि मी खरं सांगितलं. सिनेमाला पुण्याला जावं लागेल का, यावर मी गप्प बसलो.

गावी गेलो की मुधोजी कॉलेजची पोरं विचारतात, या धंद्यात यायचं कसं? अमुकच डिग्री हवी असं नाही. सुरुवात रिसर्चर म्हणून होते: नावं काढायची, फोन करायचे, ‘नको’ ऐकायचं. तीन-चार वर्षांनी उमेदवारांशी बोलायला मिळतं, पुढे कंपन्यांशी, आणि काम आणता आलं तर पार्टनर. ज्यांनी आधी दहा वर्षं एखाद्या उद्योगात काढलीत ती माणसं मधूनच येतात आणि बहुधा आमच्यापेक्षा चांगली निघतात, कारण शॉप फ्लोअर त्यांनी पाहिलेला असतो. लिंक्डइनवर नाव शोधणं कुणालाही जमतं, आणि ते काम आता मशीनही करू लागलंय. मी नवीन पोराला घेताना फोनवर तो किती वेळ गप्प राहू शकतो ते बघतो. आणि पोटात गोष्ट ठेवतो का, तेही. चहाच्या टपरीवर एक नाव फुटलं, तर कुणाची तरी नोकरी जाते.

पिथमपूरचे ते गृहस्थ जानेवारीत रुजू झाले. आमचा तिसरा हप्ता त्याच महिन्यात जमा झाला आणि ऑफिसच्या हिशेबात काम बंद झालं. बायको आणि मुलगा जूनमध्ये आले, शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी. माझ्या वहीत मी ते काम त्या दिवशी बंद केलं.