मनाचा नोटीस पिरिअड

तिसरा राजीनामा दिला त्या रात्री आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ह्याही साहेबांनी तोंड उघडलं नाही वाटतं?" मी हसले. आणि मग हसता हसता गप्पच झाले. कारण तिचं शंभर टक्के खरं होतं.

पहिला जॉब चॅनेलमध्ये, दुसरा पीआर एजन्सीत, तिसरा एका मासिकात. सोडायची कारणं दर वेळी तयार: ग्रोथ नाही, पॉलिटिक्स फार, पगार कमी. पण तिन्ही ठिकाणी मी पेपर टाकले ते एकाच प्रसंगानंतर. जीव ओतून काहीतरी केलं आणि बॉसने ते पाहून चकार शब्द काढला नाही! आरडाओरडा करणाऱ्या बॉसशी माझं मस्त जमायचं. गप्प बसणारा भेटला, की महिन्याभरात माझा रेझ्युमे अपडेट.

तुमच्याही ग्रुपमध्ये अशी एखादी असेलच. दर वेळी शोधून शोधून तस्साच बॉयफ्रेंड आणणारी. किंवा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आला की हमखास ताप येणारा. आपण 'नशीब' म्हणून सोडून देतो. फ्रॉइडच्या घराण्यातली मंडळी मात्र म्हणतात, की यामागे कुणीतरी सूत्रं हलवतंय आणि ते तुम्हीच आहात. फक्त तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

घराणं हा शब्द मुद्दाम वापरला. गाण्यातल्यासारखंच आहे हे. मूळ पुरुष व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड. १९११ मध्ये अॅडलर भांडून बाहेर पडले, १९१३ च्या सुमारास युंग. प्रत्येकाची गायकी वेगळी, पण षड्ज एकच: माणूस घडतो तो त्याला आठवतं त्यापेक्षा, त्याने मनाआड केलेल्या गोष्टींनी. या सगळ्याला मिळून 'सायकोडायनॅमिक' म्हणतात. मास कॉमला असताना मला हे एका स्लाइडपुरतं शिकवलं होतं. पाण्याखालचा हिमनग, वर बोध मन, खाली अबोध मन. परीक्षेत पाच मार्क. बिचारा हिमनग!

तर मी एका थेरपिस्टकडे गेले. एरंडवण्यातला जुना बंगला, पन्नास मिनिटांचं सेशन, आणि फी म्हणाल तर माझ्या एका लेखाचं मानधन. मॅडम आईच्या वयाच्या, पण मला 'तुम्ही' म्हणायच्या. "काय बोलू?" असं विचारलं तर उत्तर आलं, "मनात येईल ते." आणि त्या गप्प बसल्या.

गप्प! म्हणजे पैसे देऊन मी तोच बॉस विकत घेतला होता.

मध्यंतरी मी फ्रॉइडची 'डोरा' वाचली. ही थिअरी नाही, खरी केस आहे. डोराचं खरं नाव इडा बाउअर. ऑक्टोबर १९०० मध्ये तिच्या वडिलांनी तिला फ्रॉइडकडे आणलं तेव्हा ती अठराची होत होती. खोकला, मधूनच आवाज जाणं, जगण्याचा कंटाळा. पार्श्वभूमी एखाद्या डेली सोपला लाजवेल अशी. वडिलांचं एका मित्राच्या बायकोशी प्रकरण चालू, आणि तो मित्र या कोवळ्या मुलीच्या मागे. तिने घरी सांगितलं, त्याने कानांवर हात ठेवले, आणि वडिलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. वडिलांची फ्रॉइडकडून अपेक्षा काय, तर पोरीला 'ताळ्यावर' आणावं.

फ्रॉइडनं तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला, हे त्याचं श्रेय. पण मग तो तिला पटवत बसला, की तुझ्या मनात खोलवर त्या माणसाबद्दल प्रेमच आहे. वाचताना मला इतका संताप आला, की पुस्तक खाटेवर आपटलं. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, डोरा म्हणाली की आज शेवटचा दिवस. कधी ठरवलंस? पंधरा दिवसांपूर्वी. फ्रॉइड म्हणाला, ही तर मोलकरीण नोकरी सोडताना देते तशी नोटीस झाली! (गंमत बघा, 'डोरा' हे टोपणनाव त्याने आपल्या बहिणीकडच्या मोलकरणीवरूनच उचललं होतं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. अबोध मन कुणालाच सोडत नाही, साहेब.)

केस छापली १९०५ मध्ये. शेवटी त्याने कबुली दिली, की आपलं चुकलं. डोरा आपल्यात दुसऱ्या पुरुषांना बघत होती, त्यांच्यावरचा राग आपल्यावर काढून निघून गेली, आणि ते आपल्या वेळेत लक्षात आलं नाही. याला म्हणतात ट्रान्सफरन्स. जुन्या माणसाचं बिल नव्या माणसाच्या नावावर फाडायचं.

आता कान धरून सांगते. हे वाचायच्या आदल्याच गुरुवारी मी मॅडमना म्हटलं होतं, "पुढच्या महिन्यात काम खूप आहे. अजून दोन सेशन करू आणि थांबू." दोन सेशन. पंधरा दिवस. मीही नोटीसच दिली होती की!

पुढच्या गुरुवारी गेले ते भांडायच्या तयारीने. "मी थांबते म्हटलं तरी तुम्ही काही बोलला नाहीत. नेहमीसारखंच." त्यांनी एवढंच विचारलं, "नेहमीसारखं म्हणजे कुणासारखं?"

मला वाटलं बॉसेसची यादी तोंडात येईल. आली ती आमच्या हॉलमधली वेताची खुर्ची. दहावीची मार्कशीट बाबांच्या हातात. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घातली, "हं" म्हणाले आणि पेपर उघडला. एवढंच. मारहाण नाही, दारू नाही, सिनेमात दाखवण्यासारखं काही नाही. पण पुढची वीस मिनिटं मी जी रडले, ती मलाच नवीन होती.

याने सगळं सुटतं का? छे! पॉपरपासून अनेकांनी म्हटलंय, की हो म्हटलं तरी फ्रॉइड बरोबर, नाही म्हटलं तरी फ्रॉइडच बरोबर, मग हे विज्ञान कसलं? मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत तर भूतकाळ उकरण्यापेक्षा आजचे विचार तपासा म्हणते. अनेकांना तीच मानवते. दुसरीकडे, जोनाथन शेडलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये संशोधनांचा आढावा घेऊन दाखवलं, की सायकोडायनॅमिक थेरपीचा गुण इतरांच्या तोडीचा आहे आणि थेरपी संपल्यावरही वाढत राहतो. तो स्वतः याच घराण्यातला, हे लक्षात ठेवून वाचायचं.

आणि हे फक्त गोऱ्यांचं फॅड, असं म्हणणाऱ्यांसाठी: कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली होती. फ्रॉइडशी त्यांची पत्रापत्री होती, आणि भारतीय पेशंटमध्ये तुमचा ईडिपस वेगळा दिसतो, असं त्यांनी थेट कळवलं होतं. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, या संस्थेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. ती त्याच्या टेबलावर असायची.

परवा रविवारी धीर करून बाबांना विचारलं, "माझी मार्कशीट बघून तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?" त्यांनी पेपर खाली केला. "दहावीची की बारावीची?" म्हणाले. दहावीची. थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

थेरपी चालू आहे. दर गुरुवारी, साडेसहा. या लेखाची आयडिया मेल केली तेव्हा संपादकांचं सहा दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी मी 'राहू द्या, काही हरकत नाही' असा मेल टाइप केला होता. तो अजून ड्राफ्ट्समध्ये आहे.