स्कुबा डायव्हिंगमधील करिअर : परदेशाची वाट तारकर्लीहून

इस्लापूर परिसरातील मुले सहस्रकुंडचा धबधबा पाहत मोठी होतात. समुद्राखालच्या नोकरीचा विचार मात्र कोणी करत नाही. मालदीव, थायलंड, इजिप्तमध्ये पर्यटकांना समुद्राखाली नेणारे डायव्हमास्टर आणि प्रशिक्षक लागतात. या कामाला पदवीची सक्ती नाही. प्रमाणपत्र आणि कामापुरते इंग्रजी हवे.

'पाडी' या संस्थेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ओपन वॉटर (18 मीटर खोलीपर्यंत), अॅडव्हान्स्ड (30 मीटर), रेस्क्यू आणि मग डायव्हमास्टर. त्यासाठी वय 18 पूर्ण, वैद्यकीय तपासणी आणि 60 डाइव्हची नोंद लागते, प्रशिक्षकासाठी 100. मालवण तालुक्यातील तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात 'पाडी'चे अभ्यासक्रम चालतात. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

पहिली अडचण पोहण्याची. डायव्हमास्टरच्या चाचणीत 400 मीटर न थांबता पोहावे लागते. ते धबधब्याच्या डोहात नव्हे, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जलतरण तलावात शिकावे.

दुसरी अडचण पैशांची. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, या कोर्ससाठी नाही. कोणी लाखो रुपये मागून नोकरीची हमी दिली, तर आधी 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर त्या एजंटची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

1927 साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्या समाजाच्या मुलामुलींनी आज पाण्याला बिचकू नये. कार्यकर्त्यांनी विहारातील उन्हाळी शिबिराला पोहण्याचा वर्ग जोडावा.