स्नायूंतील दाह कसा पाहतात?

एखाद्यास जिना चढवेना, जमिनीवरून उठवेना, वेणी घालण्यास हात वर जाईना, तर आपण सहज म्हणतों कीं याच्या अंगांत बळ राहिलें नाहीं. परंतु तें बळ कां गेलें हें नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. स्नायुदाह या रोगांत हाच प्रश्न फार बिकट होतो. शरीराचें रक्षण करणारी शक्ति या रोगांत आपल्याच स्नायूंवर उलटते. मांड्या, कंबर व खांदे प्रथम दुबळे होतात. मुलांत याचा जो प्रकार बहुधा आढळतो, त्यांत पापण्यांवर जांभळट छटा व बोटांच्या सांध्यांवर तांबूस चट्टे उमटतात. अशा मुलास पालकांनीं आळशी ठरवूं नये, डॉक्टरांस दाखवावें.

स्नायु दुबळा राहण्याचीं मुख्य कारणें दोन. एक तर दाह अजून चालू असतो. नाहीं तर दाह शमलेला असतो, पण नष्ट झालेल्या स्नायूची जागा चरबीनें घेतलेली असते. पहिला निखारा, दुसरी राख. निखारा विझवावयास पाणी हवें. राखेवर तें ओतून काय उपयोग? स्टिरॉइड औषधें दाह शमवितात खरीं, परंतु दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते, व स्नायूंनाही अशक्तता येऊं शकते. म्हणून निखारा कीं राख, हें ओळखणें अगत्याचें आहे.

जर्मनींत विल्हेल्म राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले व शरीराच्या आंतील हाडें दिसूं लागलीं. स्नायूंतील दाह मात्र त्या किरणांनीं ओळखतां येत नाहीं. कांहीं मुलांत या रोगामुळें त्वचेखालीं किंवा स्नायूंत चुन्याचे खडे सांचतात, तेवढे त्यांत स्पष्ट दिसतात.

खरी सोय झाली ती चुंबकीय चित्रणानें. यासच एम्. आर्. आय्. म्हणतात. अमेरिकेंत पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं या रीतीनें काढलेलें चित्र प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती रीत पुढें नेली. दोघांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रोगी प्रबळ चुंबकाच्या पोकळींत निजतो. त्याच्या शरीरांतील पाणी व चरबी या दोहोंत हायड्रोजन असतो. रेडिओ-लहरींनीं त्याच्या अणुकेंद्रांस चाळविलें, म्हणजे पूर्वस्थितीस येतांना तीं सूक्ष्म संदेश देतात; पाण्यांतील संदेश निराळा, चरबींतील निराळा. एका जातीच्या चित्रांत चरबी उजळ दिसते. दुसऱ्या जातींत चरबीचा उजाळा मुद्दाम दाबतात; मग दाहामुळें स्नायूंत सांचलेलें पाणी तेवढें चमकतें. पहिल्या चित्रांत राख कळते, दुसऱ्यांत निखारा.

दाह सर्वत्र सारखा नसतो. स्नायूचा तुकडा काढून तपासावयाचा असल्यास तो कोठून घ्यावा, हें चित्र सांगतें. समजा, उपचारानंतरही मुलीस जिना चढवत नाहीं. नव्या चित्रांत पाण्याची चमक गेलेली व चरबी वाढलेली दिसली, तर डॉक्टर बहुधा औषध वाढविण्यापेक्षां योग्य व्यायामावर भर देतील. चमक कायम असेल, तर औषधाचा पुन्हां विचार करतील.

ध्वनिलहरींनीं चित्र काढण्याची रीतही उपयोगी आहे. ती स्वस्त आहे, आणि मूल आईच्या मांडीवर असतांही तपासतां येतें. चरबी व तंतु वाढलेला स्नायु तींत अधिक पांढरा दिसतो. मात्र खोल स्नायु नीट दिसत नाहींत, आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कसबावर पुष्कळ अवलंबून असतो.

तथापि चित्र हा एकटा साक्षीदार होय. अतिश्रमानें किंवा दुखापतीनेंही स्नायूंत तशीच चमक दिसूं शकते. म्हणून रोग्याची हकीकत, बळाची परीक्षा व रक्ताची तपासणी यांच्याशीं तें ताडून पाहावें लागतें. पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मूल बरें दिसूं लागलें म्हणून स्टिरॉइड आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये. वरून राख दिसली तरी आंत निखारा असूं शकतो.