सामर्थ्य हवं, पण कशासाठी?

 

आजचा विषय आहे ख्रिस्ती जीवनातलं आत्मिक सामर्थ्य आणि प्रीती. सुरुवात मी पौलापासून करणार होतो, पण आधी माझ्या मावशीबद्दल सांगतो.

काही वर्षांपूर्वी मावशीला कर्करोग झाला. आमचा एक प्रार्थनागट होता, आम्ही तिच्या घरी जायला लागलो. डोक्यावर हात ठेवायचे, मोठ्या आवाजात प्रार्थना करायची, आजाराला निघून जायची आज्ञा करायची. मीही त्यात होतो, आणि माझा आवाज काही लहान नव्हता. दीड-दोन महिन्यांत तिची तब्येत आणखी खालावली. तेव्हा गटातला एकजण तिला म्हणाला, "मावशी, तुमचा विश्वास कमी पडतोय." मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

त्यानंतर ती मला पुन्हा पुन्हा विचारायची, "माझ्याच विश्वासात काय उणं राहिलं रे?"

त्याच काळात मंडळीतल्या एक बाई दिवसाआड तिच्याकडे यायच्या. डब्यात पेज आणायच्या, तिचे केस विंचरायच्या, चादर बदलायच्या, आणि जाताना हात धरून दोन मिनिटं प्रार्थना करायच्या. मावशी त्यांची वाट बघायची. आमचा गट येणार म्हटलं की मात्र तिच्या छातीत धडकी भरायची. हे मला ती गेल्यावर कळलं.

आता बघा, प्रभू तोच. प्रार्थना आम्हीही करत होतो, त्या बाईही करत होत्या. मग एकाच घरात एका प्रार्थनेनं माणूस सावरला आणि दुसरीनं खचला, असं का झालं? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

करिंथची मंडळी

पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ. स. ५५ च्या सुमारास. ही मंडळी कृपादानांनी भरलेली होती. अन्य भाषा होत्या, संदेश होते, आरोग्यदानं होती. आज आपण जिला 'सामर्थ्याने भरलेली मंडळी' म्हणू, तशी. पण त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही लोक आधीच पोटभर खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. अकरावा अध्याय वाचा, तिथे हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दानांनी श्रीमंत आणि पंगतीत भेदभाव, दोन्ही एकाच छपराखाली.

तेरावा अध्याय, प्रीतीचा, आपण लग्नात वाचतो. पण तो लग्नासाठी लिहिलेला नाही. बाराव्यात दानांचा विषय आहे, चौदाव्यात दानांचा विषय आहे, आणि मधोमध प्रीती. पौल विषय बदलत नाही. दान वापरायचं कसं, ते तो सांगतो आहे. म्हणून चौदाव्या अध्यायात तो अगदी व्यवहारावर येतो. न समजणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, असा त्याचा मुद्दा आहे. का? तर समोरच्याची उभारणी व्हावी म्हणून. आपण किती भरलो, हे तो विचारत नाही. समोरचा किती उभा राहिला, हे तो विचारतो.

तीमथ्याला लिहिताना तो देवाने दिलेल्या आत्म्याबद्दल तीन गोष्टी एका दमात सांगतो: सामर्थ्य, प्रीती आणि संयम. एक उचलून दोन खाली ठेवायची सोय त्यात नाही.

'समतोल' म्हटलं की आपल्याला तराजू दिसतो. अर्धा किलो सामर्थ्य, अर्धा किलो प्रीती. मला ते पटत नाही. आपण नाशिककर, आपल्याला गंगापूर धरण माहीत आहे. धरणात पाणी असलं पाहिजे, नाहीतर पाट कोरडा. पण तेच पाणी पाट सोडून सुटलं तर द्राक्षाची बाग जगवत नाही, वाहून नेतं. पाणी कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही. पाट नीट असावा लागतो. सामर्थ्य हे पाणी आहे. प्रीती हा पाट आहे.

केडगावची ती रात्र

हे सगळं बोलायला सोपं आहे. आपल्या मातीत कोणी करून दाखवलं का? दाखवलं. त्यासाठी आपल्याला नाशिकहून केडगावला जावं लागेल. नगरजवळचं नव्हे, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतच्या विदुषी म्हणून कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांचं मन कशाने हललं? चमत्काराने नव्हे. लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती भगिनींचं एक आश्रयगृह होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी मायेने वागवत होत्या. हे कशामुळे करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. प्रीती आधी दिसली, कारण नंतर कळलं. आणि पुढे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे आतली भूक शिल्लक होती.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातूनही आणल्या. केडगावच्या माळरानावर सुमारे दोन हजार माणसांचं कुटुंब उभं राहिलं. रोजचं धान्य, पाणी, कपडे, आजारपण, शाळा. हे डोळ्यांसमोर आणा, कारण पुढची गोष्ट या स्वयंपाकघराशेजारी घडली.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज संजीवनासाठी प्रार्थना करायला एकत्र बोलावलं. आधी साधारण सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या शेवटी एका रात्री वसतिगृहात एक मुलगी प्रार्थनेतून उठली. तिच्यावर आत्म्याचा अग्नी आला आहे असं तिला जाणवलं. त्या काळच्या वृत्तांतात सांगितलं आहे की दुसऱ्या एका मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही जळत नाही.

या प्रसंगातल्या अग्नीबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. मला ती बादली घेऊन धावणारी मुलगी जास्त आठवते. तिला अजून काही दर्शन झालेलं नव्हतं. आपली बहीण जळते आहे एवढंच तिला दिसलं, आणि ती पळाली. माझ्या मते त्या रात्री सामर्थ्य आणि प्रीती एकाच खोलीत होती.

पुढे रडणं, पापांची कबुली, तासन् तास प्रार्थना, काही काळाने अन्य भाषा, हे सगळं तिथे झालं. जगभर त्याची बातमी गेली. आता प्रश्न येतो, रमाबाईंनी याचं काय केलं?

एक, त्यांनी ते दाबलं नाही. शांत, अभ्यासू बाई, पण मुलींचा आक्रोश म्हणजे वेडेपणा, असं त्यांनी म्हटलं नाही. दोन, त्यांनी त्याचं मोजमापही बदललं नाही. स्वतः त्यांना अन्य भाषांचा अनुभव आला नव्हता. १९०७ मध्ये मुक्तीच्या पत्रिकेत त्यांची भूमिका अशी दिसते की पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अत्यावश्यक खूण प्रीती आहे, मात्र बाकीची दानं टाकून देऊ नयेत. अन्य भाषा बोलणारी वरच्या पायरीवर आणि न बोलणारी खालच्या, अशी उतरंड त्यांनी लावली नाही. तिथेच काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंचं अग्नीच्या बाप्तिस्म्यावरचं पुस्तक १९०६ मध्ये निघालं, तेही या अनुभवातून. तीन, मुली गटागटाने आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. सामर्थ्य मंदिरात साठवून ठेवलं नाही.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पुढची अनेक वर्षं बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला कळावं म्हणून. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पौलाचे ते समजणारे पाच शब्द आठवा. ज्या ठिकाणी अन्य भाषा ऐकू आल्या, त्याच ठिकाणी बाई टेबलाशी बसून साधा शब्द शोधत होती.

नाशिकचं उदाहरण

केडगावला दोन हजार माणसं होती. आपल्या घरात चार असतात. म्हणून आता परत नाशिकला येऊ. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये इथल्या जवळच्या जलालपूरचा, आणि १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं तेही नाशिकलाच. पती नारायण वामन टिळक मोठे कवी, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना माहीत आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं औदार्य सांगतात आणि त्यांचा रागही सांगतात. काही लपवत नाहीत. दान मिळालेल्या माणसाबरोबर संसार करणं किती अवघड असतं, हे त्या हसत हसत लिहून जातात.

आणि त्यांचा स्वतःचा बदल? कडक सोवळ्यात वाढलेली मुलगी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर हळूहळू एकेक बंधन सुटत गेलं, कोणाच्याही हातचं अन्नपाणी चालू लागलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी डोक्यावर हात ठेवून एका रात्रीत हे केलं नाही. शतकांचा विटाळ मनातून निघून जाणं हे आत्म्याचं सामर्थ्य नाही, असं कोण म्हणेल? फक्त त्याचा आवाज झाला नाही.

दुसरी बाजू

इथे एक सावधगिरी. माझं बोलणं ऐकून कोणी म्हणेल, "मग ती प्रार्थना, उपास, आत्म्याची भाषा सोडाच, नुसती सेवा करू." तसं नाही. पाट कितीही छान बांधला आणि धरण कोरडं असलं तर काय उपयोग? मंडळीत असे लोक मी पाहिले आहेत, सगळ्यांसाठी धावतात आणि पाच वर्षांत आतून सुकून जातात. मग त्यांच्या सेवेत कडवटपणा येतो. दोन हजार जणींची चूल रमाबाईंनी नुसत्या चांगुलपणावर पेटती ठेवली नाही. गुडघे टेकले होते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात या दोन्ही गोष्टी सलग आहेत. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, असं योहान आधी सांगतो. आणि लगेच पुढे, तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. सर्व अधिकार ज्या हातात होता, त्याच हातात घमेलं होतं.

आपण काय तपासायचं

घरी जाऊन स्वतःला तीन प्रश्न विचारा. मीही विचारतो.

पहिला, माझ्या प्रार्थनेनंतर समोरचा माणूस हलका होतो की दबतो? दुसरा, मला कोणी प्रश्न विचारला, "हे देवाकडून आहे कशावरून?" तर मी ऐकून घेतो की त्याला अविश्वासू ठरवतो? तिसरा, जो बरा झाला त्याची साक्ष मी सांगतो, पण जो बरा झाला नाही त्याच्या घरी मी परत जातो का?

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. प्रार्थना करा, पण कोणाचं औषध बंद करायला सांगू नका. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी, असं आजारी माणसाला कधीही म्हणू नका.

मावशीच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटाच गेलो होतो. मोठ्याने प्रार्थना करायचा धीर झाला नाही. तिने पाणी मागितलं, चमच्याने पाजलं. ती म्हणाली, "आज बरं वाटलं रे." तिच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नाही. तुझ्या विश्वासात काही उणं नव्हतं मावशी, उणं आमच्या प्रीतीत होतं, एवढं म्हणायला हवं होतं. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याला हे सांगायला अजून वेळ आहे. आजच जा.