काळ्या रेघा आणि औषधाची मुदत

किराणा दुकानात वेष्टनावरील काळ्या रेघांसमोर यंत्र धरले की बारीक आवाज होतो आणि क्षणार्धात बिलावर किंमत उमटते. किंमत त्या रेघांतच दडलेली असावी, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः बारकोड हा वस्तूचा केवळ ओळखक्रमांक होय. नाव, किंमत व शिल्लक ही माहिती दुकानाच्या संगणकात असते. क्रमांक मिळताच संगणक ती शोधून काढतो आणि विकलेला नग शिलकेतून वजा करतो.

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावच्या दुकानात, च्युइंगगमच्या पुड्यावरील असा संकेत विक्रीसाठी प्रथम वाचला गेला. आपल्याकडील मालावर बहुधा १३ आकडी क्रमांक असतो. भारतात नोंदलेल्या क्रमांकांचा आरंभ ८९० ने होतो, तर शेवटचा आकडा ताळा पाहण्यासाठी असतो. पहिल्या १२ आकड्यांपैकी विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज, सम स्थानांवरील बेरजेची तिप्पट आणि हा १३ वा आकडा मिळून येणाऱ्या संख्येस १० ने निःशेष भाग जावा लागतो. तसा न गेल्यास यंत्र तो क्रमांक स्वीकारत नाही.

यंत्र अचूक असले तरी नोंद अचूक असेलच असे नाही. एकाच किमतीचे, दोन निरनिराळ्या स्वादांचे बिस्किटपुडे घेतले आणि विक्रेत्याने त्यांतील एकच पुडा दोनदा वाचला, तर बिल बरोबर येते. शिल्लक मात्र दोन्हींची चुकते. म्हणून फळीवरील माल अधूनमधून प्रत्यक्ष मोजणे टळत नाही.

औषधांच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. एकाच औषधाच्या दोन बॅचेसवरील रेघा अगदी सारख्या असतात. त्यांत बॅच क्रमांक नसतो, मुदतही नसते. माझ्या दवाखान्यात एकदा संगणकाने लसीच्या सहा कुप्या शिल्लक दाखविल्या. संख्या बरोबर होती. परंतु मी हाती घेतलेल्या कुपीची मुदत संपलेली असल्याचे माझ्या नव्हे, बाळाच्या आईच्या लक्षात आले. लस टोचली गेली नाही, हे त्या माउलीचे उपकार!

यावर उपाय साधा आहे. माल आत घेतानाच बॅच व मुदत यांची नोंद करावी, ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे मांडावा व आधी वापरावा. एखादी बॅच परत मागविली गेल्यास याच नोंदीवरून ती कोणाला दिली गेली हे शोधता येते. चौकोनी ठिपक्यांच्या संकेतात बॅच व मुदत दोन्ही मावतात. आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० निवडक औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर ही माहिती साठविणारा बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे उत्पादकांस बंधनकारक झाले आहे.

तरीही शेवटची तपासणी डोळ्यांनीच व्हावयास हवी. कुपी उघडण्यापूर्वी तिच्यावरील तारीख मी आता पालकांना मोठ्याने वाचून दाखवितो. दुकानदाराची चूक हिशेबात दुरुस्त होते. आपली चूक मात्र बाळाच्या दंडात जाते.