उलव्याभोवतीचा काळा पाषाण

ज्वालामुखीने घडविलेला किनारा पाहण्यासाठी इंडोनेशिया किंवा हवाई बेटेच गाठावी लागतात, असा आपला समज असतो. उलव्यातील खारकोपरहून नेरुळची लोकल पकडणारा चाकरमानी मात्र रोज अशाच किनाऱ्यावरून प्रवास करतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वाहिला, त्याचे थरांवर थर साचले आणि आपला काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट, तयार झाला. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राच्या बाजूला कलले आहेत. भूशास्त्रज्ञ या बाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात.

या पाषाणाचे माणसाने काय केले, हे पाहायचे तर न्हाव्याच्या किनाऱ्यासमोरील घारापुरीपासून सुरुवात करावी. साधारण सहाव्या शतकात तेथील कारागिरांनी बेसॉल्टचा डोंगर आतून कोरीत नेला. येथे दगडावर दगड रचलेला नाही. नको तेवढा काढून टाकला आहे. त्यामुळे एखादा घाव चुकला तर तो भरून काढण्याची सोय नव्हती. सुमारे २० फूट उंचीची, 'त्रिमूर्ती' म्हणून ओळखली जाणारी सदाशिवाची मूर्ती अर्धवट उजेडात थोडा वेळ उभे राहूनच पाहावी. घाईत छायाचित्र काढून परतणाऱ्यांना ती दिसत नाही, असे आमचे मत आहे. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. तेथे फारसे कोणी फिरकत नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिले, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही बेटावरील गावांत समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये.

याच पाषाणाचा दुसरा उपयोग उलव्याने पाहिला. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाची गरज कोणी नाकारणार नाही. पण त्या टेकडीची, तिच्या थरांची आणि उठलेल्या गावांची माहिती देणारे एखादे दालन प्रवाशांसाठी तेथे असायला हवे. धावपट्टीच्या जागी काय होते, हे नव्या वसाहतीत राहायला आलेल्यांना कळण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही.

टेकड्यांच्या मधल्या भागात खाड्या, खारफुटी आणि मिठागरे यांचा प्रदेश आहे. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी येथील चिखलात चरताना दिसतात. उरणजवळच्या पाणजे पाणथळीवर पक्षीनिरीक्षकांचा विशेष जीव आहे. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद केले जात असल्याची पर्यावरणप्रेमींची तक्रार मात्र जुनीच आहे.

उरण तालुक्यातीलच चिरनेर येथे गणपतीचे प्राचीन देवस्थान आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांचे स्मारक गावात आहे. पुढे मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळा लागते. अभयारण्यातील किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका हाही बेसॉल्टचाच. आजूबाजूचा भाग झिजून गेला, हा कठीण गाभा तेवढा उरला. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आरडाओरडा व धूर टाळावा.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेट वे ऑफ इंडियाहून लाँच सुटतात; पावसाळ्यात निघण्यापूर्वी समुद्राचा रंग पाहूनच बेत आखावा.