दाराशी ठेवलेला निरोप

आमच्या जुन्या घराच्या चौकटीला एक दगडी पाटी टांगलेली असे. तिच्या लाकडी कडेला भोक पाडून सुतळीने पेन्सिलीचा तुकडा बांधलेला होता. घर बंद असताना कोणी आले, तर पाटीवर दोन ओळी लिहून जाई : 'येऊन गेलो. भेट झाली नाही. उद्या सकाळी पुन्हा येतो.' परगावाहून परतल्यावर वडील कुलूप उघडण्याआधी पाटी वाचत, आणि हातपाय धुऊन झाले की त्या गृहस्थांकडे स्वतः जाऊन येत. पुढे आम्ही सदनिकेत राहावयास आलो आणि ती पाटी अडगळीत गेली. दार बंद दिसले की माणूस मुकाट्याने जिना उतरून जाऊ लागला.

दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका शिकणारा माझा नातू म्हणाला, "आजोबा, आता पाटी नको, आपण पेटी लावू. येणारा बोलून जाईल, तुम्ही परत आल्यावर ऐका." साबणाच्या वडीएवढी ती पेटी त्याने एका रविवारी तयार केली आणि घंटेच्या बटणाशेजारी बसवली.

गैरहजर माणसासाठी आवाज मागे ठेवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. एडिसनने १८७७ मध्ये बोलणे नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र सिद्ध केले. त्यानंतर १८९८ मध्ये डेन्मार्कच्या वाल्देमार पोल्सेन याने पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या साहाय्याने आवाज नोंदवून दाखवला. टेलिफोन उचलण्यास घरी कोणी नसेल, तरी बोलणाऱ्याचा निरोप राहावा, हा त्याचा एक हेतू होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे यंत्र ठेवले असता ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योसेफ त्यासमोर काही शब्द बोलले, आणि ते आजही ऐकता येतात. दाराच्या बाबतीत अमेरिकेतील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेचे नाव घ्यावे लागेल. कामाच्या विचित्र वेळांमुळे त्यांना घरी एकटे राहण्याची धास्ती वाटे. म्हणून पतीच्या मदतीने त्यांनी दारावरचा कॅमेरा, आत चित्रपट्ट आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय अशी योजना केली. १९६६ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळाले. आज शहरोशहरी दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या घंटांची ही पूर्वजच म्हणावयाची.

नातवाच्या पेटीत कॅमेरा नव्हता. एक ध्वनिग्राहक, एक छोटा ध्वनिक्षेपक, दोन बटणे, लाल दिवा आणि आयएसडी १८२० नावाची चिप, एवढाच संसार. ही चिप दोन पेन्सिल सेलवर चालते. बहुतेक यंत्रे आवाजाचे शून्य आणि एक अशा अंकांत रूपांतर करतात. ही चिप मात्र आवाजाच्या चढउतारानुसार कमीअधिक विद्युतभार आपल्या सूक्ष्म कप्प्यांत थेट साठवते. त्यामुळे सेल काढून घेतले तरी नोंद पुसली जात नाही. मर्यादा एवढीच, की चांगल्या प्रतीचे बोलणे सुमारे १० सेकंदच मावते. एक रोधक बदलून ती मुदत २० सेकंदांपर्यंत नेता येते, पण मग आवाज घोगरा होतो.

पहिल्या आठवड्यात पेटीने आमची करमणूकच केली. बोलणे संपेपर्यंत बटण दाबून धरावे लागते, हे लोकांच्या ध्यानात येईना. घंटेसारखे दाबून ते सोडून देत आणि मग मोकळ्या हवेत सविस्तर बोलत. आम्हाला ऐकू येई फक्त 'अहो' किंवा नुसता खोकला. शेवटी नातवाने बटणाखाली मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली. ज्याला वाचता येत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. ज्या शाखेत निम्मे खातेदार अंगठा उठवत, तेथे उमेदवारी केलेल्या माणसाला तो सुचावयास हवा होता.

पावसाळ्यात आम्ही उभयता चार दिवस पुण्यास गेलो होतो. परतल्यावर लाल दिवा लुकलुकताना दिसला. बटण दाबले. "कुरिअर आहे, उद्या परत येतो," एवढेच ऐकू आले. आम्ही निश्चिंत झालो.

महिन्याभराने बाजारात माझ्या जुन्या शाखेतील निवृत्त शिपाई भेटला. एरवी लांबून हात जोडणारा हा माणूस त्या दिवशी नजर चुकवू लागला. मी आग्रहाने थांबवून विचारपूस केली, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. त्याच्या पत्नीला शहरातील एका रुग्णालयात दाखल केले होते, शस्त्रक्रिया ठरली होती. कागदांवर सही करण्यापूर्वी ते कोणीतरी वाचून, समजावून सांगावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. तीस वर्षे ज्यांच्या टेबलावर कागद आणून ठेवले, त्या साहेबांकडे तो पावसात भिजत आला. सूचना त्याला वाचता आली नाही, पण शेजारच्या मुलाने बटण कसे धरावयाचे ते दाखवले. तो बोलला, आणि संध्याकाळपर्यंत रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत बसला. शेवटी न समजताच त्याने सही केली.

"साहेब, मी तुमच्या पेटीत बोललो होतो ना," तो म्हणाला. त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती, हे दैव. मात्र साहेबांनी ऐकले आणि ते आले नाहीत, असे त्याने महिनाभर मनात धरले होते.

घरी येऊन नातवाला विचारले. तो ओशाळून म्हणाला, "आजोबा, या चिपमध्ये एकच निरोप राहतो. दुसरा आला की पहिला जातो." म्हणजे शिपायाचे बोलणे कुरिअरवाल्याच्या निरोपाखाली गडप झाले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेत आम्हाला पहिला धडा दिला जाई तो हा, की खातेवहीतील आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही. चूक झाली असेल तर त्यावर रेघ मारून सही करावयाची, म्हणजे मूळ आकडाही वाचता येतो. दिवसअखेर मेळ बसल्याखेरीज कोणी घरी जात नसे. आणि मी माझ्याच दाराला अशी वही टांगली होती, जिच्यात प्रत्येक नवी नोंद जुनीला नाहीशी करत होती! पाटीवर निदान दोन माणसांच्या ओळी शेजारी शेजारी राहत. शिवाय कोरी पाटी कोणाला वचन देत नाही. लाल दिवा मात्र बोलणाऱ्याला सांगतो की तुझे ऐकले गेले.

नातवाने पुढच्याच सुट्टीत पेटी बदलली. आता प्रत्येक निरोप मेमरी कार्डावर स्वतंत्र राहतो आणि त्यापुढे तारीख व वेळ पडते. सेकंदाला आठ हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्याला एक बाइट, असा हिशेब मी मांडला. एक जीबीच्या कार्डात ३४ तासांहून अधिक बोलणे मावते. बटण धरून ठेवण्याची गरज उरलेली नाही. एकदा दाबले की पेटीच सौ.च्या आवाजात सांगते : "आम्ही दाराशी येऊ शकलो नाही. आपले नाव आणि काम सांगावे. आपले बोलणे येथे नोंदवले जाईल." 'परगावी गेलो आहोत' असे सांगण्याचे मात्र आम्ही कटाक्षाने टाळले आहे, कारण ती बातमी चोरालाही उपयोगी पडते.

वाचकांपैकी कोणी अशी सोय करणार असेल, तर अनुभवाने दोन गोष्टी सुचवतो. येणाऱ्याने स्वतः बटण दाबल्याखेरीज त्याचा आवाज नोंदवू नये, कारण दाराबाहेर उभा असलेला माणूसही आपल्या बोलण्याचा धनी असतो. आणि विकत घेण्यापूर्वी एकाच वेळी किती निरोप राहतात, हे अवश्य विचारावे. यापलीकडचे काम यंत्राचे नाही. आमच्याकडे रात्री जेवणापूर्वी पेटी ऐकली जाते, सौ. वहीत नावे टिपतात आणि उत्तर दिले की त्यापुढे मी खूण करतो. खूण नसलेले नाव दुसऱ्या दिवसावर जाऊ द्यावयाचे नाही, असा नियम आहे.

गेल्या महिन्यात भाजी घेऊन परतलो, तेव्हा पेटीत ओळखीचा आवाज होता. "साहेब, या बाजूला आलो होतो. बायको आता बरी हिंडतेफिरते. काम काही नाही. फोन नाही केला तरी चालेल."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच उभ्याउभ्या त्याला फोन लावला.